प्रकाशाचा वेध आणि माणसाशी संवाद : डॉ. रमेश रासकर यांची संशोधनयात्रा

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त बेसा, नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्ण महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मला बोलावयास सांगितले, हा माझा बहुमान समजतो. मी काही विद्वान वक्ता नाही. भौतिकशास्त्राच्या अध्यापनात आयुष्य गेले, आणि निवृत्तीनंतर आता बेशात राहावयास आलो. "विज्ञान आणि आजचा युवक" या विषयावर चार शब्द बोला, असे विश्वस्तांनी सुचविले. विषय मोठा आहे. तो एका माणसाच्या संशोधनाच्या आधारे मांडावा असे मी ठरविले. त्यामागे एक घरगुती कारण आहे, ते आधी सांगतो.

काही दिवसांपूर्वी आपल्याच समाजातील एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली, प्रकल्पाचा विषय वर्णपटशास्त्र. पदार्थातून आलेला प्रकाश त्याच्या घटक रंगांत पसरवायचा आणि त्यावरून पदार्थ कोणता, तो कोणत्या स्थितीत आहे हे ओळखायचे, असे हे शास्त्र. आता तिला मानव-संगणक आंतरक्रिया या विषयाचे पुढील शिक्षण घ्यावयाचे आहे. यंत्र माणसाला सोयीचे कसे व्हावे, त्याने माणसाचे म्हणणे कसे समजून घ्यावे, याचा हा अभ्यास. वडील म्हणाले, "सर, पाच वर्षे हिने रंगांच्या रेघा मोजल्या. आता म्हणते, मोबाइलचे बटण कुठे असावे ते शिकणार. मग ती पाच वर्षे गेली कुठे?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. माझ्या नोकरीच्या काळात असाच एक विद्यार्थी माझ्याकडे आला होता. त्याला भौतिकशास्त्र सोडून संगणकाकडे वळायचे होते. मी त्याला "एक धरले ते सोडू नये" असा उपदेश करून परत पाठविले. त्याने माझे ऐकले. पुढे तो भेटला, नमस्कारही केला. पण त्या विषयावर आम्ही दोघेही बोललो नाही. ते मौन मला आजही टोचते. म्हणून या वेळी उत्तर देण्याआधी थोडा अभ्यास करावा असे ठरविले, आणि त्या शोधात डॉ. रमेश रासकर यांचे काम नव्याने वाचले. माझा त्यांचा परिचय नाही. जे सांगतो ते त्यांच्या प्रसिद्ध झालेल्या कामावरून.

रासकर मूळचे नाशिकचे. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून २००२ साली त्यांनी संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. प्रबंधाचा विषय होता प्रोजेक्टर. आपल्या सभागृहात आहे तसाच. भिंतीवर चित्र टाकणारा. परंतु त्यांच्या गटाचा प्रश्न वेगळा होता. संगणकाचा पडदा एका चौकटीतच का असावा? १९९८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी "भविष्यातील कार्यालय" अशी कल्पना मांडली. छतावरील दिव्यांच्या जागी प्रोजेक्टर आणि सोबत कॅमेरे असावेत. कॅमेऱ्यांनी भिंती, टेबले यांचे आकार ओळखावेत आणि प्रोजेक्टरने त्या आकारांना जुळेल असे चित्र टाकावे. म्हणजे सारी खोलीच पडदा होईल. २००१ साली याच विचारातून त्यांनी ताजमहालाची एक साधी, रंगहीन प्रतिकृती घेतली आणि प्रोजेक्टरच्या प्रकाशाने तिच्यावर संगमरवराचे पोत, रंग आणि छायाप्रकाश उमटविले. प्रतिकृतीला कोणी हात लावला नव्हता, रंग लावला नव्हता. पण पाहणाऱ्याला ती जिवंत वाटे. डोळ्यांवर कसलेही उपकरण न चढवता माणूस संगणकाच्या जगात उभा राहू शकतो, हे त्यातून दिसले. ही झाली मानव-संगणक आंतरक्रिया.

२००० साली ते अमेरिकेतील केंब्रिज येथे मित्सुबिशीच्या संशोधन प्रयोगशाळेत गेले. २००४ साली तेथे त्यांनी असे काम केले की गोदामातील खोक्यांवर चिकटविलेल्या छोट्या चकत्या प्रोजेक्टरच्या प्रकाशाला प्रतिसाद देत आणि आपण नेमके कोठे आहोत ते सांगत. २००७ साली याच धर्तीवर एक पद्धत त्यांनी विकसित केली. हलणाऱ्या माणसाच्या अंगावर लहान प्रकाशसंवेदक बसवायचे आणि डोळ्यांना न दिसणारा सांकेतिक अवरक्त प्रकाश टाकून त्याच्या हालचाली टिपायच्या. या पद्धतीला त्यांनी नाव दिले "प्रकाश". अमेरिकेतील परिषदेत सादर झालेल्या निबंधाच्या शीर्षकात आपला हा शब्द पाहून मला जो आनंद झाला, तो मी लपवीत नाही.

येथपर्यंत प्रकाश हा त्यांच्या दृष्टीने संदेश पोचविणारा दूत होता. आता तो दूत स्वतः कशाचा बनला आहे, हा प्रश्न आला. २००८ साली अंकित मोहन व जॅक टम्ब्लिन यांच्यासह त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. आपण शाळेत न्यूटनचा प्रयोग शिकतो. लोलकातून पांढरा प्रकाश सप्तरंगांत पसरतो आणि दुसऱ्या लोलकाने पुन्हा एकत्र येतो. या मंडळींनी हीच रचना कॅमेऱ्याच्या भिंगांच्या मार्गात आणली. आत आलेला प्रकाश एका पातळीवर इंद्रधनुष्यासारखा पसरतो, तेथे हवा तो रंग पट्टीने अडवायचा आणि उरलेले पुन्हा एकत्र करून चित्र घ्यायचे. वर्णपटशास्त्रज्ञाच्या टेबलावरचे उपकरण अशा रीतीने कॅमेऱ्याच्या पोटात शिरले. तांबडा, हिरवा व निळा या तीन ठरीव रंगांचे बंधन सुटले.

त्याच वर्षी ते एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक झाले. त्यांच्या संशोधनगटाचे नाव "कॅमेरा कल्चर", म्हणजे कॅमेऱ्याची संस्कृती.

तेथील दोन कामे मी जोडीने सांगतो, कारण त्यांत या दोन्ही विद्यांचा संगम आहे.

पहिले काम चष्म्याच्या नंबराचे. चष्म्याची काच स्वस्त झाली, पण नंबर काढण्याचे यंत्र महाग आणि जड, म्हणून खेड्यांतील अनेकांना अंधुक जगच खरे वाटते. डोळ्याच्या दोषांचे मोजमाप करण्याची एक जुनी रीत अशी की डोळ्यात लेसर किरण सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशलहरीचा आकार मोजायचा. रासकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ही रीत उलटी केली. मोबाइलच्या पडद्यावर एक छोटासा प्लॅस्टिकचा भिंगयुक्त डबा बसवायचा आणि त्यातून डोळ्याने पाहायचे. दोन रेषा दिसतात, एक तांबडी, एक हिरवी. पाहणाऱ्याने बटणे दाबून त्या एकमेकींवर आणायच्या. किती वेळा बटण दाबावे लागले यावरून नंबर निघतो. त्या डब्याचा खर्च सुमारे दोन डॉलर, असे त्या वेळी सांगितले गेले. उपकरणाचे नाव "नेत्रा". यात महागडा संवेदक कोणता? स्वतः रुग्ण! त्याचे डोळे आणि त्याचे बोट हेच मापनयंत्राचा भाग झाले. मघाच्या गृहस्थांनी "मोबाइलचे बटण" असे हेटाळणीने म्हटले होते. येथे बटण दाबणे हेच मोजमाप आहे, आणि ते निरक्षर माणसालाही जमावे अशी त्याची योजना आहे.

दुसरे काम प्रकाशाची गती पाहण्याचे. रसायनशास्त्रज्ञ एक विशेष कॅमेरा वापरतात; त्यात पदार्थातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा रंग एका अक्षावर आणि काळ दुसऱ्या अक्षावर उमटतो. पदार्थ चमकून किती लवकर मंदावतो, हे त्यावरून कळते. रासकर, आंद्रेआस वेल्टन आणि सहकाऱ्यांनी या उपकरणात रंगाच्या अक्षाच्या जागी दृश्यातील एक आडवी रेघ ठेवली. अशा असंख्य रेघा जोडून त्यांनी २०११ साली एक चित्रफीत जगापुढे ठेवली. तिचा वेग सेकंदाला सुमारे एक लाख कोटी चित्रांइतका. शीतपेयाच्या बाटलीतून प्रकाशाचा एक ठिपका गोळीसारखा पुढे सरकताना तीत दिसतो. एका सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात प्रकाश फक्त ०.३ मिलिमीटर जातो, एवढे सांगितले म्हणजे या वेगाची कल्पना यावी. हेही सांगितले पाहिजे की ही एकाच किरणाची चित्रफीत नव्हे. एकसारखे लेसरचे स्पंद पुनःपुन्हा सोडून ती जुळविलेली आहे.

याच तंत्राने त्यांनी कोपऱ्याआड लपलेल्या वस्तूचा आकार ओळखला. भिंतीवर प्रकाश टाकायचा, तो विखरून लपलेल्या वस्तूवर जातो, परत भिंतीवर येतो, आणि त्याच्या येण्याच्या वेळांवरून गणिताने आकार काढायचा. मार्च २०१२ मध्ये या कामाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या सहलेखकांत एमआयटीचे रसायनशास्त्रज्ञ मौंगी बावेंडी यांचे नाव आहे. सूक्ष्म अर्धवाहक कणांच्या, म्हणजे क्वांटम डॉट्सच्या संशोधनासाठी त्यांना २०२३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. संगणकवाला रसायनशास्त्रज्ञाच्या दारी गेला आणि रसायनशास्त्रज्ञाने दार उघडले. यातून काय घडते, ते आपण पाहिले.

आता जे सांगतो ते आपल्याला विशेष जवळचे आहे. विदर्भातील आपल्या ग्रंथभांडारांची परंपरा आपणांस ठाऊक आहे. कारंजा (लाड) येथील हस्तलिखितांची नोंद रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ साली नागपुरात प्रसिद्ध झालेल्या सूचीत आहे. अमरावतीला अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन यांनी तेथील अपभ्रंश ग्रंथ १९३०च्या दशकात संपादून प्रकाशात आणले. ज्यांनी जुन्या पोथ्या हाताळल्या आहेत त्यांना एक दुःख माहीत आहे. दमटपणाने पाने एकमेकांस चिकटतात. उघडावी तर तुटतात, न उघडावी तर वाचता येत नाहीत. जे जपायचे तेच नष्ट होण्याचे भय.

सप्टेंबर २०१६ मध्ये रासकर, बर्मक हेशमत, अल्बर्ट रेडो-सांचेझ आणि सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी बंद कागदांच्या गठ्ठ्यातील अक्षरे, गठ्ठा न उघडता वाचून दाखविली. यासाठी टेराहर्ट्झ लहरी वापरल्या. सूक्ष्मलहरी आणि अवरक्त किरण यांच्या मधला हा पट्टा आहे. या लहरी कागदातून आरपार जातात. दोन पानांमध्ये हवेची जी अगदी पातळ पोकळी असते, सुमारे वीस मायक्रोमीटरची, तेथे त्यांचा थोडा भाग परावर्तित होतो. तो किती वेळाने परत आला यावरून पान कितवे ते कळते. आणि शाई व कोरा कागद या लहरींच्या वेगवेगळ्या वारंवारता कमी-अधिक शोषतात, म्हणून परतलेल्या लहरीच्या वर्णपटावरून अक्षर कळते. काळाने पान सांगावे आणि वर्णपटाने अक्षर सांगावे, अशी ही विभागणी आहे. अर्धवट, डागाळलेली अक्षरे ओळखण्याचे काम संगणकाने केले.

येथे मला सावधपणे बोलले पाहिजे. त्या प्रयोगात पाने नऊच होती, प्रत्येकावर एकेकच अक्षर होते, आणि कागद साधा होता. त्याहून खोल गेल्यावर परतीचा संदेश क्षीण होत जातो. पाणी या लहरी शोषून घेते. पाने पूर्ण चिकटून हवेची पोकळीच उरली नसेल, तर ही युक्तीच अडते. म्हणून उद्या कोणी यंत्र आणून आपल्या ताडपत्रांच्या पोथ्या वाचून देईल, असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणतो की पोथीला न दुखविता ती वाचण्याची दिशा आता कल्पनेत राहिलेली नाही. तोवर भांडारातील पोथ्या कोरड्या ठेवणे, त्यांची छायाचित्रे घेणे, हे काम आपले आहे. त्यासाठी एमआयटीची वाट पाहण्याचे कारण नाही.

वर्णपटाच्या अनेक रंगांवरून अनेकांतवादाचा दाखला देण्याचा मोह येथे वक्त्याला होतो. मी तो आवरतो. प्रयोगशाळेतील निष्कर्षावर धर्माचा शिक्का मारणे मला प्रशस्त वाटत नाही, आणि धर्मालाही त्या दाखल्याची गरज नाही.

मात्र एक नैतिक प्रश्न टाळता येत नाही. बंद पोथी वाचणारी लहर बंद पत्रही वाचू शकते. कोपऱ्याआडचे पाहणारा कॅमेरा दुसऱ्याच्या घरातही डोकावू शकतो. या संशोधकाच्या पुढील कामात या प्रश्नाचे भान दिसते. २०१८ साली त्यांनी व ओत्क्रिस्त गुप्ता यांनी अशी एक पद्धत मांडली की अनेक संस्थांनी मिळून संगणकाला शिकवावे, पण आपापली मूळ माहिती कोणी दुसऱ्याच्या हाती देऊ नये. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा संपर्कशोधाचे एक मोबाइल ॲप त्यांच्या पुढाकाराने तयार झाले. माणूस कोठे कोठे गेला ही नोंद त्याच्याच फोनमध्ये राहावी, हे त्याचे मुख्य तत्त्व होते. अशी ॲप जगभर किती उपयोगी पडली याविषयी मतभेद आहेत. परंतु अदृश्य ते दृश्य करण्यात ज्याने इतकी वर्षे घालविली, त्यानेच काय झाकलेले राहावे याचाही विचार केला, हे मला महत्त्वाचे वाटते.

त्यांना सन्मानही पुष्कळ मिळाले. २०१६ साली पाच लाख डॉलरचे लेमेलसन-एमआयटी पारितोषिक मिळाले, २०१७ साली संगणक-चित्रणातील सिग्राफ संस्थेचा पुरस्कार मिळाला. तरी नाशिकशी नाते सुटले नाही. २०१५च्या सिंहस्थाच्या निमित्ताने त्यांच्या प्रेरणेने "कुंभथॉन" हा उपक्रम झाला. गर्दी, आरोग्य, निवास अशा प्रश्नांवर स्थानिक तरुणांनी तोडगे शोधले. पावलांच्या दाबावरून जाणाऱ्या माणसांची मोजणी करणारी चटई त्यांतूनच आली.

मित्रहो, विषयांतर करणारा माणूस चंचल असतो, असा आपला समज आहे. परंतु आपल्या नागपूरचेच एक उदाहरण पाहा. १९१० साली अर्थखात्यातील एक तरुण अधिकारी बदली होऊन नागपुरास आला होता. कचेरीचे काम सांभाळून तो घरी प्रयोग करी. तेव्हा त्याचे लक्ष ध्वनीकडे होते. पुढे त्याने व्हायोलिन, तबला, मृदंग यांचा अभ्यास केला. १९१७ साली सरकारी नोकरी सोडून तो कलकत्त्यात प्राध्यापक झाला आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्याने प्रकाशाच्या विकिरणाचा जो परिणाम शोधला, त्याने वर्णपटशास्त्राला नवे दालन मिळाले. ते सर चंद्रशेखर वेंकट रामन. कंपनांचा विचार त्यांना आधीपासून अवगत होता. प्रथम तारेच्या, मग रेणूंच्या.

रासकरांचेही तसेच आहे. प्रोजेक्टर असो, चष्मा असो की टेराहर्ट्झ लहर, प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच आहे. प्रकाश वस्तूला भेटून परत येतो तेव्हा तो काय काय घेऊन येतो, आणि ते माणसाला कसे कळवायचे? पहिल्या अर्ध्याला वर्णपटशास्त्र म्हणा, दुसऱ्या अर्ध्याला मानव-संगणक आंतरक्रिया. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांनी विषय बदलला असे वाटते.

पण पालकांपुढे बोलताना अर्धेच सांगणे योग्य नव्हे. रासकर, रामन ही असामान्य माणसे. त्यांची नावे घेऊन प्रत्येक धरसोडीचे समर्थन करता येणार नाही. कंटाळा आला म्हणून विषय सोडणारी मुलेही मी पाहिली आहेत, आणि त्यांना पुढचाही विषय कंटाळवाणाच लागला. शिवाय शुल्क, वसतिगृह, बँकेचे कर्ज, लग्नाचे वय या बापाच्या चिंता खोट्या नाहीत.

म्हणून त्या गृहस्थांना मी पुन्हा बोलाविले. मुलीला त्यांच्यासमोरच विचारले, "जे शिकलीस त्यातले नव्या कामात काय नेशील?" ती थोडी थांबली. मग म्हणाली, "सर, प्रयोगशाळेतले यंत्र आलेख काढून देते, पण तो आलेख वाचायला माझ्यासारखी एम.एस्सी. झालेली मुलगी लागते. दुधात भेसळ आहे का, हे गवळ्याला किंवा गृहिणीला स्वतः वाचता आले पाहिजे. मला ते यंत्र करायचे आहे." वडील तिच्याकडे पाहत राहिले. हे तिने घरी कधी सांगितले नव्हते, आणि कोणी विचारलेही नव्हते.

ते अजून पूर्ण राजी झालेले नाहीत. खर्चाचा हिशेब मांडू, मग ठरवू, असे म्हणून गेले. ते योग्यच आहे. मी त्यांना एवढेच सांगितले की त्या पाच वर्षांचा जमाखर्च मांडताना ती खर्चाच्या रकान्यात लिहू नका.

या प्रसंगी विश्वस्तांना माझी एक नम्र विनंती आहे. गेली पन्नास वर्षे समाजाने विद्यार्थ्यांच्या शिक्षणाकडे आस्थेने पाहिले आहे. यापुढे शिष्यवृत्तीच्या अर्जात गुणांच्या रकान्याखाली आणखी एक ओळ असावी : "आपणांस कोणता प्रश्न सोडवावयाचा आहे?" आणि अर्जदार मुलाला किंवा मुलीला ती ओळ वाचून दाखवून, दहा मिनिटे कोणी तरी शांतपणे ऐकून घ्यावे. त्या विद्यार्थ्याच्या वेळी मी ती दहा मिनिटे दिली नव्हती.